लायगो-इंडियाच्या जोडीला काय हवं: एक मोठी गॅमा दुर्बीण की छोट्या उपग्रहांचा थवा?

गोदाकाठ:
हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार. गुरुत्वीय लहर, म्हणजे जड तारे एकमेकांत मिसळताना अवकाशातच उठणारा तरंग, आली की त्याच वेळचा गॅमा किरणांचा स्फोट टिपणारं कुणीतरी वर हवंच. माझं मत थव्याला. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याची लहर पोचली आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या गॅमा शोधकाने स्फोट नोंदवला. नासाच्या स्विफ्ट उपग्रहाला आणि आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटला तो दिसला नाही, कारण दोघांच्याही आड पृथ्वी आली होती. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून पाहिलं तर पृथ्वीच ३० टक्के आकाश झाकते.

मांजराखोरं:
तुम्ही म्हणायलात ते दिसण्यापुरतं ठीक. पण स्फोट कुठे झाला? थवा दिशा काढतो वेगवेगळ्या उपग्रहांना स्फोट दिसण्याच्या वेळेतल्या फरकावरून. पृथ्वीच्या दोन बाजूंचे उपग्रह फार तर १३,८०० किलोमीटर दूर; प्रकाश तेवढं ४६ मिलिसेकंदांत कापतो. वेळ १ मिलिसेकंद चुकली की दिशा सव्वा अंशाने चुकते, १० चुकली की १२ अंशांनी. घड्याळ चोख असतं, जीपीएस मायक्रोसेकंद देतं. कमी पडतात ते फोटॉन, म्हणजे किरणांचे कण. उपग्रहातल्या गॅमा टिपणाऱ्या छोट्या स्फटिकावर मंद स्फोटाचे मोजके फोटॉन पडतात, मग दोन उपग्रहांचे आलेख नेमके जुळतच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्विफ्टवरच्या बॅट या गॅमा दुर्बिणीत शिशाच्या तुकड्यांचा मुखवटा आहे. ३२,७६८ शोधकांवर पडणाऱ्या त्याच्या सावलीवरून १ ते ४ आर्क-मिनिटांत (आर्क-मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागा कळते.

गोदाकाठ:
पण बॅटला एका वेळी नीट दिसतं जेमतेम नवव्या भागाचं आकाश. २०१७ मध्ये जागा लहरींनीच २८ चौरस अंशांपर्यंत आणली, पुढे साध्या प्रकाशाच्या दुर्बिणींनी ११ तासांत दीर्घिका शोधली. औंढ्याची भर पडली की आकाशातला हा शोधायचा पट्टा आणखी आक्रसेल. गॅमाकडून हवी ती अचूक वेळ आणि वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती.

मांजराखोरं:
सगळे लायगो एकदम चालू असतील तर! दोनच चालू असले की पट्टा शेकडो चौरस अंशांचा होतो. शिवाय छोट्या उपग्रहांतले सिलिकॉन प्रकाशगुणक, म्हणजे स्फटिकातला मंद उजेड मोजणारे भाग, प्रोटॉनच्या माऱ्याने खराब होतात, गोंगाट वाढतो, आणि आधी हातचे जातात ते कमी ऊर्जेचे फोटॉन.

बालाघाट:
एक मुद्दा दोघांकडूनही सुटला. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट इतका प्रखर होता की जीबीएममध्ये फोटॉनचे स्पंद एकमेकांवर चढले आणि शिखराची मोजणी बिघडली. दहा सेंटिमीटरच्या जीआरबीअल्फा या छोट्या उपग्रहाने मात्र ते शिखर मोजलं. क्षेत्रफळ लहान, म्हणून मोजणी तुंबली नाही. आणि कोणतंही यंत्र पाठवा, फक्त दोन सेकंदांच्या आतले स्फोट विलीनीकरणाचे असं धरून चाळणी लावू नका. डिसेंबर २०२१ चा स्फोट जवळपास ५० सेकंद चालला, तरी मागे किलोनोव्हाच, म्हणजे विलीनीकरणानंतरची चमक, दिसला.