महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटचा) फॉर्म कुठून भरावा? सल्ला द्या

दारव्हा_शेतकरी: नमस्कार मंडळी. पोरगी कॅप राउंडातून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) अमरावतीले इंजिनिअरिंगले लागली. आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखाच्या खूप खाली. गावात कॅफे नाही, घरी एकच स्मार्टफोन. दारव्ह्याच्या कॅफेत भरू, सेतूत भरू, की मोबाईलवरच? 150 रुपयांच्या वर झेपत नाही, सोयाबीन अजून वावरातच आहे.

वणीकर: भाऊ, सेकंडहँड लॅपटॉप घ्या. 15-20 हजारात होते. मी पोराले घेऊन देल्ला, पुढंही कामात पडते.

पुसदची_ताई: लॅपटॉपचं नंतर पाहा. कॅफेत देल्ला तर मोबाईल नंबर पोरीचाच टाकायले लावा. आमच्या भाचीच्या फॉर्मात कॅफेवाल्यानं स्वतःचा टाकला. अर्ज त्रुटीसाठी वापस आला, मेसेज त्याच्याकडे, अन् मुदत निघून गेली. वर्षभराची फी भरली बहिणीनं.

नेर_मास्तर: फॉर्म कुठूनही भरा, पण पयले खातं पाहा. बँकेत केवायसीले आधार देल्लं म्हणजे सीडिंग (सरकारी पैसे जमा व्हायले आधार खात्याले जोडणं) झालं असं नसते. पैसे आधारले शेवटी जोडलेल्या बँकेतच जातात, फॉर्मात पासबुक कोणतंही लावा. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसते. आमच्या शाळेतून गेलेल्या किती पोरांचे पैसे यातच अटकतात! अन् उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच, 31 मार्चले मुदत संपलेला नको.

आर्वीवाला: पोस्टाच्या बँकेत खातं काढा, पोस्टमन घरी येऊन आधार जोडून देते.

वणीकर: पोस्टाचं नका सांगू, आमच्याकडे सर्व्हर चालतच नाही. राष्ट्रीयीकृत बँकच पाहजे.

आर्वीवाला: तुमच्याकडचं तुमच्याकडे. आमच्या घरी दोन्ही पोरांची शिष्यवृत्ती पोस्टातच आली.

यवतमाळ_विद्यार्थिनी: काका, 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं तुमच्यासारख्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण अर्ज महाडीबीटीवर करावाच लागतो, आपोआप होत नाही. साइटवर फॉर्मची फी काहीच नाही, पैसे भरणाऱ्याच्या मेहनतीचे असतात. कॅपचं अलॉटमेंट लेटर, नॉन-क्रिमीलेअर, रेशन कार्ड जवळ ठेवा. भरल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती बाबूले भेटाच. त्यांनी पुढं पाठवल्याशिवाय अर्ज तिथंच पडून राहते.

उमरखेड_भाऊ: खातं पयले पाहा, मास्तर बरोबर बोलले. अन् मोबाईलवर भरू नका, कागद उलटे अपलोड होतात. सेतूच बरा.

पुसदची_ताई: हो, मोबाईलवर नकोच. कॅफे चालते, फक्त नंबर स्वतःचा.

दारव्हा_शेतकरी: सगळ्यांचे आभार. सीडिंग पाहिलं, माझ्या पोरीचं आधार जुन्या शाळेच्या खात्याले जोडलेलं निघालं, ते बँकेतून बदलून घेतो. फॉर्म मात्र पोरगी मोबाईलवरच भरणार. तिचा अर्ज, तिचा पासवर्ड, वापस आला तर तिलेच दिसला पाहजे. पुढचे तीन वर्ष नूतनीकरणही तिनंच करायचं आहे.

वणीकर: बरं, पण लॅपटॉपचं डोक्यात ठेवजा.

उमरखेड_भाऊ: मास्तर, डिप्लोमावाल्या पोरीले पण हे लागू आहे काय?