मदत हवी आहे: जुना झिऑन घेऊ की नवा लॅपटॉप?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाचा. जत्रेतली नाटकं आणि लग्नं शूट करतो, एडिटिंग घरीच. ओळखीत एक वापरलेलं वर्कस्टेशन स्वस्तात मिळतंय. त्यात २०१६ चा सर्व्हर प्रोसेसर आहे, झिऑन ई५-२६८० व्ही४. दुसरा पर्याय कोअर आय७-१२७००एच चा लॅपटॉप.

गंमत म्हणजे कोअर दोन्हींत १४च. झिऑनचे सगळे सारखे, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) २८, टर्बो (कमाल वेग) ३.३ गिगाहर्ट्झ. लॅपटॉपचे ६ दमदार आणि ८ किफायती, थ्रेड २०, पण टर्बो ४.७ पर्यंत. झिऑनला ईसीसी रॅम (बारीक चुका स्वतः दुरुस्त करणारी) चालते, चार मेमरी चॅनेल आहेत (मला त्यांचा किती उपयोग, देव जाणे). मात्र आत ग्राफिक्स नाही. म्हणजे क्विक सिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधली व्हिडिओ झटपट एन्कोड करायची सोय) विसरा, वेगळं कार्ड घ्यावंच लागणार. शिवाय प्रोसेसरचा मूळ वीजखप १२० वॉट विरुद्ध ४५. पावसात आमच्याकडे विजेचा नेम नाही, तो डबा यूपीएसवर टिकेल का?

मला लॅपटॉपची भीती एकच: तीन तासांचं नाटक एक्सपोर्ट करताना तापून वेग टाकतो का? फोर-के टाइमलाइनवर दोन्ही वापरलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. बेंचमार्कचे आकडे पाहून झालेत.