'आपोआप' काहीच होत नाही

मुली शिकल्या की समानता आणि शांतता आपोआप येते, असं या चर्चेत एकाने म्हटलंय. शिक्षण हवंच, पण त्या 'आपोआप'शी मी सहमत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये तिथलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी घानाची राजधानी आक्रा इथे चाललेल्या वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा शांततेसाठी लढणाऱ्या लायबेरियाच्या लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतिणी सभागृहाच्या दारातच ठाण मांडून बसल्या. तोडगा निघेपर्यंत कुणालाही बाहेर सोडणार नाही म्हणाल्या! ऑगस्टमध्ये शांतता करार झाला. ग्बोवी प्रशिक्षित समाजसेविका, पण त्या आंदोलनात बाजारात माल विकणाऱ्या बायकाही होत्या. धाडस त्यांच्याकडे आधीच होतं. मात्र कराराचा मसुदा वाचून त्यातली मेख ओळखायची, पुढे पदं सांभाळायची, तर शिक्षणाला पर्याय नाही.

म्हणून नुसत्या पहिलीच्या पटसंख्येवर समाधान मानू नये. गळती पुढे होते: शाळा लांब, स्वच्छतागृह नाही, घरात लग्नाची घाई. अफगाणिस्तानात तर २०२१ पासून सहावीनंतर मुलींना शाळेचं दारच बंद आहे.

आणि मुलग्यांना वर्गात काय शिकवतो, यावर या चर्चेत अजून कुणीच बोललेलं नाही. बहिणीचा निर्णय तिचा तिने घ्यायचा, हे त्यांनाही शिकवावंच लागेल.