उत्तर: ११८० किमीला दोन तास का लागतात?

पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण ११८० किमी, विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर दीड तासात पोचायला हवं, मग तिकिटावर दोन तासांच्या वर का, असं वर विचारलंय. गणित बरोबर आहे, पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथून ते दिल्लीत उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण सगळं आलं. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही, आखलेल्या मार्गाने जातं. दिल्लीवर गर्दी असली की घिरट्या वेगळ्याच!

वाऱ्याचा फरक पूर्व-पश्चिम प्रवासात जास्त जाणवतो. हिवाळ्यात वरती जोराचे पश्चिमी वारे असतात, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला लवकर पोचतो, परतताना जास्त वेळ लागतो.

बाकी आम्हा सांगलीकरांना हे दोन तास किरकोळच. मागच्या खेपेला पहाटे तीनला निघालो, पेठ नाक्यावर चहा घेतला आणि खंबाटकीत ट्रकच्या मागे पाऊण तास अडकलो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचेपर्यंत सहा तास! कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सांगलीहून पन्नासेक किमीवर आहे, तिथून सोयीचं विमान मिळालं तर आधी तेच बघा.