शब्दचर्चा : समीक्षकाचे तारे – मानांकन, गुण की कौल?

प्रश्न

रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाच्या चित्रपटलेखनावर मराठीत लेख लिहिते आहे आणि 'रेटिंग'पाशी अडले आहे. कोशात मानांकन, गुणांकन, श्रेणी, दर्जा असे पर्याय मिळाले. सध्या मी 'ईबर्टने या चित्रपटाला तीन तारकांचे मानांकन दिले' असं लिहिलंय, पण ते वाचताना खटकतं. 'रिव्ह्यू'ला परीक्षण म्हणावं की समीक्षा, हेही ठरत नाही. आणि जीन सिस्केल या दुसऱ्या समीक्षकासोबत ईबर्ट जो टीव्ही कार्यक्रम करायचा, त्यातल्या त्या वर-खाली होणाऱ्या अंगठ्याचं (वर म्हणजे बघा, खाली म्हणजे बघू नका) काय करू? 'रेटिंग' तसंच ठेवता येईल, पण लेखात हा शब्द जागोजागी येतो, म्हणून विचारते.

प्रतिसाद

तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. 'मानांकन' हा शब्द मराठीत दुसरीकडे पक्का बसलेला आहे. टेनिसपटू अग्रमानांकित असतो, कारखान्याला आयएसओ मानांकन मिळतं, हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्या ठिकाणी एखादी संस्था ठरलेले निकष लावते आणि शिक्का मारते. शिक्का मिळाला की तो सगळ्यांना मान्य. समीक्षकाच्या ताऱ्यांमागे अशी संस्थाही नसते आणि तसे निकषही नसतात.

'तारका' तर काढाच. चित्रपटाच्या संदर्भात तारका म्हणजे नटी, त्यामुळे 'चित्रपटात तीन तारका' आणि 'चित्रपटाला तीन तारका' यांत वाचक क्षणभर गोंधळणार. 'तारांकित'ही नको. ते हॉटेलला लागतं, नाहीतर विधिमंडळातल्या प्रश्नाला, आणि तारांकित प्रश्न म्हणजे चांगला प्रश्न नव्हे, ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं तो. सरळ 'तीन तारे दिले' म्हणा. चार जण बोलताना हेच म्हणतात.

'गुण' मलाही आधी बरा वाटला होता, पण तो शब्द आला की परीक्षा आली. शंभरपैकी किती, पास की नापास, आणि सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. ईबर्टची पद्धत नेमकी याच्या उलट होती. २००४ साली 'शाओलिन सॉकर'बद्दल लिहिताना त्याने हे स्वच्छ मांडलं आहे. कॉमिकवर बेतलेला 'हेलबॉय' कसा आहे असं मित्र विचारतो, तेव्हा त्याला 'मिस्टिक रिव्हर'सारख्या गंभीर चित्रपटाशी तुलना नको असते. त्याच जातीच्या 'द पनिशर'च्या मानाने कसा, हे हवं असतं. १९७८च्या 'सुपरमॅन'ला चार धरले तर 'हेलबॉय' तीन आणि 'पनिशर' दोन, असा त्याचा हिशेब. म्हणजे तारे सापेक्ष.

या 'सापेक्ष'कडे थोडं थांबून बघा. सापेक्ष म्हणजे स + अपेक्षा, आणि अपेक्षेत धातू आहे 'ईक्ष्', पाहणे. त्याच धातूचे प्रेक्षक, परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा, उपेक्षा. सिनेमाविषयी बोलायला लागणारा निम्मा शब्दसंग्रह एकाच 'पाहण्या'तून निघाला आहे. रॉबर्ट वॉरशो या समीक्षकाचं एक वाक्य ईबर्ट वारंवार सांगत असे. माणूस सिनेमाला जातो, आणि तो माणूस आपणच आहोत हे कबूल करण्याइतका प्रामाणिकपणा समीक्षकाकडे हवा, असा त्याचा आशय. प्रेक्षक आणि समीक्षक एकाच धातूचे आहेत हे आपल्याला भाषेनेच सांगून ठेवलं आहे. तुमच्या लेखात हे जरूर यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ईबर्टचं सगळं लेखन त्या वाक्यावर उभं आहे.

आता परीक्षण आणि समीक्षा. परि म्हणजे सभोवार, सम् म्हणजे नीट, पूर्णपणे, हा व्युत्पत्तीचा भाग झाला. वापरात फरक वेगळा पडला आहे. शुक्रवारी सिनेमा लागला आणि शनिवार-रविवारी पेपरात आलं, ते परीक्षण. ते वाचून माणूस तिकीट काढायचं की नाही हे ठरवतो. समीक्षा सावकाश होते, तिला तिकीटबारीची घाई नसते. ईबर्ट १९६७पासून २०१३मध्ये जाईपर्यंत 'शिकागो सन-टाइम्स'साठी लिहीत होता. त्यातलं बहुतेक परीक्षणच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. चित्रपटसमीक्षेसाठीचं पहिलं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, १९७५ साली त्याला मिळालं ते याच रोजच्या वृत्तपत्री लेखनासाठी.

त्याने जुन्या थोर चित्रपटांवर जी लेखमाला लिहिली, तिला मात्र मी परीक्षण म्हणणार नाही आणि समीक्षाही म्हणणार नाही. तिला 'रसास्वाद' म्हणावं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या उन्हाळी अभ्यासक्रमामुळे 'चित्रपट रसास्वाद' हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच. हा फरक किती खरा आहे याचं एक उदाहरण देतो. सर्जिओ लिओनीचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' अमेरिकेत लागला तेव्हा ईबर्टने त्याला तीन तारे दिले होते. पुढे २००३ मध्ये त्या लेखमालेत तो याच चित्रपटावर पुन्हा लिहायला बसला, आणि जुनं परीक्षण काढून पाहिलं तर वर्णन चार ताऱ्यांच्या चित्रपटाचं आणि तारे तीन! इटालियन वेस्टर्न होता, म्हणजे ती कला असूच शकत नाही, असं तेव्हा वाटलं असावं, असं त्याने स्वतःच लिहिलं. चित्रपट तोच, माणूस तोच. परीक्षणाच्या वेळी अपेक्षा आड आली, रसास्वादाच्या वेळी ती गळून पडली होती.

उपप्रतिसाद

तुमचं 'तारे' पटलं. अंगठ्याबद्दल मी सांगते. 'अंगठा वर केला' चालेल, पण 'अंगठा दाखवला' असं चुकूनही लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ चक्क नकार. काम करून घेतलं आणि पैसे द्यायच्या वेळी अंगठा दाखवला, असं आपण म्हणतो. 'दोघांनीही अंगठा दाखवला' वाचून चित्रपट पडला असंच वाटेल.

मी कोकणातली, म्हणून मला एक शब्द सुचतो, 'कौल'. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अधलंमधलं काही नाही. सिस्केल आणि ईबर्ट पडद्यावर करायचे ते हेच, दोघांचे दोन कौल. मतदारांचा कौल आपण रोज म्हणतो, मग समीक्षकाचा कौल का नाही?

प्रतिसाद

ताई, कौल फारच चपखल. आणि त्यामुळे तारे आणि अंगठा यांतला फरकही आपोआप स्पष्ट होतो. ईबर्ट छापील परीक्षणात चारपैकी तारे देई, अर्ध्यांसकट. पडद्यावर मात्र बघा किंवा बघू नका, एवढंच. सहसा तीन तारे म्हणजे उजवा कौल आणि अडीच म्हणजे डावा. अर्ध्या ताऱ्याने कौल फिरतो.

व्हिन्सेंट गॅलोच्या 'द ब्राउन बनी'चं प्रकरण लेखात असेल तर तिथे हा शब्द वापरून पाहा. २००३ मध्ये कान महोत्सवात तो पाहून ईबर्टने त्याला महोत्सवाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट चित्रपट म्हटलं. दोघांत कडाक्याचं भांडण जुंपलं. मग गॅलोने चित्रपटाची बरीच मिनिटं कापली, आणि २००४ मध्ये ईबर्टने नव्या आवृत्तीला तीन तारे दिले. 'ईबर्टचा कौल फिरला' हे इथे जितकं नेमकं बसतं तितकं 'मानांकन सुधारले' बसणार नाही. मानांकन सुधारलं म्हटलं की चूक दुरुस्त केल्यासारखं वाटतं. इथे चित्रपटच बदलला होता, आणि ईबर्टने तो मनात आकस न ठेवता पुन्हा पाहिला. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरच्या टक्क्यांना काय म्हणू? 'चित्रपटाला ९० टक्के मिळाले' असं लिहिलंय.

प्रतिसाद

ते वाक्य बदलाच. दहावीच्या निकालाची सवय असलेला आपला वाचक ९० टक्के म्हणजे ९० गुण असंच समजणार. तो आकडा चित्रपट किती चांगला हे सांगत नाही, किती समीक्षकांचा कौल उजवा हे सांगतो. शंभर समीक्षकांनी 'बरा आहे, एकदा बघा' म्हटलं तरी शंभर टक्के होतात, आणि साठ जणांना प्रचंड आवडून चाळीस जणांना नावडला तर साठच. तेव्हा 'शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी उजवा कौल दिला' असं लिहा. थोडं लांबतं, पण लांबू द्या.

अर्ध्या ताऱ्यांसाठी '२.५ तारे' असा दशांश लिहू नका. आपल्याकडे दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आयते आहेत आणि कानाला गोड आहेत. चित्रपटाला त्याने काहीच दिलं नसेल तर 'शून्य तारे'पेक्षा 'एकही तारा दिला नाही' बरं. तुमचं पहिलं वाक्य मग 'ईबर्टने या चित्रपटाला तीन तारे दिले' एवढंच राहतं, आणि 'रेटिंग' शब्द कुठेच लागत नाही.