“ताई, एवढंच जरा करून द्या”: ठरल्यापेक्षा जास्तीचं काम आलं की तुम्ही काय करता?

मी घरून डीटीपी आणि पुस्तकांची मांडणी करते. मागे एका संस्थेची 96 पानी स्मरणिका घेतली. छपाईचे 16 पानांचे सहा फॉर्म, मजकूर त्यांचा, मांडणी माझी, प्रुफं दोन. मजकूर आला तो थोडा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, थोडा युनिकोडमध्ये आणि उरलेला व्हॉट्सॲपवर फोटो काढून. फॉन्ट बदलताना रफार उडाले. ‘कार्यकर्ता’ शब्द पानोपानी हातानं नीट करत बसले. मग मुखपृष्ठ, मग जाहिराती. सातव्या प्रुफाला देणगीदारांची पाच पानं मध्ये घुसली, की अनुक्रमणिका पुन्हा पहिल्यापासून. पैसे ठरले होते तेवढेच. मनातून धुमसत होते, पण तोंडातून शब्द काढला नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

आता तिसऱ्या प्रुफापासून पानामागे दर कोटेशनमध्येच लिहिते. नवीन काही आलं की फाइल उघडायच्या आधी आकडा कळवते. तुमचे अनुभव सांगा.

भाषांतरकार, नाशिक:
माझ्याकडे काम पोचतं केल्यावर मूळ इंग्रजीच बदलून येतं. “दोनचार वाक्यंच आहेत.” दोन्ही मसुदे वर्डमध्ये कम्पेअर करून बदललेले शब्द मोजते आणि तेवढ्यांचे पैसे सांगते. मोजून दाखवलं की कुणी वाद घालत नाही.

डिझायनर, कोल्हापूर:
लोगो दिला की आठवड्यात फोन, “कोरलची ओपन फाइल पाठवा.” म्हणजे कुणालाही बदल करता येतील अशी मूळ फाइल. आपल्याकडे कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं, हे मलाही उशिरा कळलं. आता कोणत्या फाइली देणार, हक्क कुणाकडे राहणार, हे आधीच लिहून घेतो.

वेबसाइटची कामं, पुणे:
मला तर जुनं बिलच अडकवून ठेवलं होतं. “पेमेंट गेटवे जोडून द्या, मग एकदम देतो.” गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, ठरलेल्या कामात नव्हताच. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार काम पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात, आणि लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांपुढे लांबवता येत नाहीत. साइट दिल्याची तारीख आणि हे दोन मुद्दे घालून शांतपणे मेल केला. पैसे आले. गेटवेचं कोटेशन वेगळं दिलं. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी करून घ्या, फुकट होते.

लग्नाचे फोटो, मडगाव:
सगळ्याच जादा कामाला दर लावू नये, असं मला वाटतं. एका लग्नानंतर दोन महिन्यांनी नवरीच्या भावाचा फोन आला. आजोबा गेले होते. एका ग्रुप फोटोत ते मागे उभे होते, तेवढाच चेहरा मोठा करून हवा होता. टोपीवर एक अक्षत अडकली होती. काढू का विचारलं, तर म्हणाला, राहू दे. त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याच घरून नंतर चार रील्स मागितल्या, त्यांचे घेतले.