शब्द हवा आहे: विकसनशील देशांची ‘सॉलिडॅरिटी’

राजारामपुरी: राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बांडुंग परिषदेवर (इंडोनेशिया, 1955; आशिया-आफ्रिकेतले 29 देश) टिपण लिहितोय. ‘सॉलिडॅरिटी’साठी ऐक्यभाव, बंधुभाव, एकजूट, सहकार्य असं सगळंच वाचायला मिळतं. कोणता शब्द घेऊ?

शाहूपुरी: एका शब्दात भागणार नाही. एकजूट म्हटलं की समोर कुणीतरी असतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या सभेत ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणतात, ते कुणाला तरी ऐकवायचं असतं म्हणूनच. 1964 साली जिनिव्हात 77 विकसनशील देशांनी गट बांधला, तो व्यापाराच्या अटी बदलून घ्यायला. कच्चा माल स्वस्तात द्यायचा आणि यंत्रं महाग घ्यायची, हे त्यांना चालू ठेवायचं नव्हतं. सदस्य आता 134 आहेत, नाव मात्र 77चंच. ऑक्टोबर 2020 मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं कोविडवरच्या लसी-औषधांसाठी पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा, असं जागतिक व्यापार संघटनेत मांडलं. हीसुद्धा एकजूट.

एकमेकांना प्रशिक्षण देणं, तंत्रज्ञान देणं, याला सहकार्य म्हणा. 1978च्या ब्युनोस आयर्स कृती आराखड्यानंतर ‘दक्षिण-दक्षिण सहकार्य’ रुळलंय; ‘दक्षिण’ म्हणजे इथं विकसनशील देश. ‘मदत’ मात्र लिहू नका. त्यात देणाऱ्याचा हात वर राहतो, आणि या देशांना नेमकं तेच नको होतं.

गारगोटी: आमच्याकडं याला पैरा म्हणत्यात. भाताची रोपलावण आली की आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही. पैशाचा व्यवहार नाही, पण पैरा फेडावा लागतो. पोरांना लगेच कळंल.

शाहूपुरी: फार नेमका शब्द दिलात. टिपणात जरूर घ्या, पण एक ओळ जोडून: पैऱ्यातली घरं साधारण एका ऐपतीची असतात. चीन आणि तुवालू (प्रशांत महासागरातला चिमुकला बेटदेश) तसे नाहीत. कर्ज देणारा देश आणि घेणारा देश दोघंही ‘दक्षिणे’तले असले, तरी अटी ठरवणारा एकच असू शकतो.

राजारामपुरी: आणि ‘नॉन-अलाइन्ड’साठी ‘अलिप्त राष्ट्रे’ चालेल?

शाहूपुरी: पाठ्यपुस्तकांत तेच आहे, पण मला ते खटकतं. अलिप्त म्हणजे कशात नसलेला, बाजूला बसलेला. 1961 ला बेलग्रेडला जमलेले 25 देश वसाहतवादाविरुद्ध उघड बोलत होते. अमेरिका किंवा सोव्हिएत संघाच्या लष्करी गटात जायचं नाही, एवढाच त्यांचा नकार. म्हणून ‘गटनिरपेक्ष’ लिहा, कंसात ‘अलिप्त’ ठेवा. बांडुंगच्या मथळ्याला ‘एकजूट’ आणि आतल्या आर्थिक भागाला ‘सहकार्य’.